पेटीत सातबारा, खिळ्याला फाईल

घटस्थापना चार दिवसांवर आली की वडगाव निंबाळकरमध्ये घराघरांतून गोधड्या बाहेर निघतात. नीरा डाव्या कालव्याकडे धुण्याची रीघ लागते, अंगणात घासलेली भांडी वाळतात, माळ्यावरचे सामान खाली येते. या आवराआवरीत रद्दीही निघते आणि तिच्याबरोबर घरच्यांच्या दवाखान्याचे कागद जातात. म्हणून हा विषय आजच मांडायचा.

कागद जपायची सवय आपल्याला नाही, असे नाही. सातबारा, आठ-अ, खरेदीखत, ऊसबिलाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळलेल्या असतात. दवाखान्याची फाईल मात्र मेडिकलच्या प्लॅस्टिक पिशवीत, दाराआडच्या खिळ्याला. सातबारा हरवला तर नवा काढता येतो. आठ वर्षांपूर्वीचा ईसीजी कुठून काढणार? डॉक्टरांसाठीच्या २००२च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षेच जपणे बंधनकारक आहे. रुग्णाने मागितले तर ते ७२ तासांत द्यायचे, हेही त्याच नियमावलीत आहे. मागावे मात्र आपल्यालाच लागते.

ईसीजीचा कागद तर फार नाजूक. उष्णतेने छाप उमटणारा तो कागद काही वर्षांत फिका पडतो, आणि जपायचा म्हणून लॅमिनेशन करायला दिला तर मशीनच्या गरमीने काळाठिक्कर होतो. त्याची झेरॉक्स काढावी, वर नाव आणि तारीख लिहावी. छातीत कळ आली म्हणून रात्री बारामतीला नेलेल्या माणसाचा जुना ईसीजी समोर असला, तर आताचा बदल नवा की आधीपासूनचा, हे डॉक्टरांना ताडता येते. गोळ्या कोणत्या चालू आहेत, या प्रश्नाला “एक पांढरी, बारकी, सकाळची” एवढेच उत्तर असेल तर ती बीपीची की रक्त पातळ करणारी, हे त्यांनी कसे ओळखावे?

सगळ्यात जास्त हाल बायकांच्या कागदांचे होतात. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून ती फाईल माहेरच्या कपाटात. दुसऱ्या वेळी सासरी तपासणीला गेल्यावर रक्तगट निगेटिव्ह निघतो आणि डॉक्टर विचारतात, मागच्या वेळी बाळाचा गट कोणता होता, अँटी-डी इंजेक्शन दिले होते का? बाळ पॉझिटिव्ह असेल तर ते बाळंतपणानंतर शक्यतो ७२ तासांत द्यायचे असते. राहून गेले तर पुढच्या बाळाला धोका संभवतो. ती बिचारी सासूकडे बघते, सासू नवऱ्याकडे. तिच्या शरीराची हकिगत दुसऱ्याच गावात पडून असते. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांची ओढाताण तर याहून मोठी. गरोदरपणाचे कार्ड गावी आणि दिवस भरलेले फडात.

आता आरोग्याच्या नोंदींसाठी चौदा अंकी आभा क्रमांक आला आहे, तो जरूर काढावा. पण जुनी चिठ्ठी त्यात आपोआप जात नाही, आणि फोटो पुण्यातल्या मुलाच्या मोबाईलमध्ये असतील तर मध्यरात्री इथे त्यांचा उपयोग काय? माणसागणिक एक फाईल, ताजा कागद वर. पहिल्या पानावर रक्तगट, चालू गोळ्या, न सोसणारे औषध. एवढ्याला दुपारचा एक तास पुरतो.

भाऊबीजेला लेक माहेरी येईल. परत निघताना फराळाच्या डब्याशेजारी तिच्या बाळंतपणाची फाईल आणि नातवाचे लसीकरणाचे कार्डही पिशवीत घाला.