काचपेटीतला पाहुणा

मराठी माणसाला एकमेकांचे पाय ओढण्याबद्दल बोल लावावयाचा झाला, की टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट हमखास सांगितली जाते. वस्तुतः टोपलीत कोंबलेला खेकडा कोणाचा हेवा करीत नसतो; जे नांगीला लागेल ते धरून तो सुटू पाहतो, इतकेच. परंतु या प्राण्याची बाजू ऐकून घेण्याची आपली रीत नाही. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी धरण पोखरल्याचा ठपका खेकड्यांवरच ठेवला होता. ताटात रस्सा, बोलण्यात दूषण आणि दुर्घटनेत आरोपी, एवढीच खेकड्याची आपल्याला ओळख आहे.

अशा स्थितीत काचेच्या पेटीत माती, दगड व उथळ पाणी मांडून घरी खेकडा पाळण्याची हौस कोणास वाटली, तर ती सर्वस्वी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. चार दिवस लक्षपूर्वक पाहिलेला खेकडा पाठ्यपुस्तकातील धड्याहून अधिक शिकवितो. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर वावरतानाही कल्ले ओले राहावे लागतात. कवच वाढत नाही, म्हणून वाढीसाठी ते टाकून द्यावे लागते. नवे कवच कठीण होईपर्यंत तो मऊ, असहाय असतो आणि आडोशाला दडतो. तुटलेला पाय अशाच कात टाकण्यातून पुन्हा फुटतो. हे डोळ्यांनी पाहणाऱ्या मुलाच्या हातून खेकड्याचे पाय मोडण्याचा खेळ सहसा होणार नाही.

प्रश्न आहे तो पेटीतला खेकडा येतो कोठून, हा. जावा बेटावरील जांभळ्या व केशरी रंगांचे ‘व्हॅम्पायर क्रॅब’ शोभेचे प्राणी म्हणून अनेक वर्षे परदेशी बाजारात विकले जात होते. त्यांतील दोन जातींना शास्त्रीय नाव मिळाले ते २०१५ मध्ये. म्हणजे विज्ञानाने ओळख पटविण्यापूर्वीच व्यापाराने किंमत ठरविली होती! आपला सह्याद्रीही असाच रंगीत खेकड्यांचे घर आहे. २०१६ मध्ये एकाच शोधनिबंधात तेथील पाच नव्या जातींची नोंद झाली. त्यांच्यावर हौशी बाजाराची दृष्टी वळू नये, अशीच इच्छा कोणीही सुज्ञ करील.

याचे कारण गोड्या पाण्यातील खेकड्याच्या संसारात आहे. समुद्रातील खेकड्याची पिले आरंभी लाटांवर दूरवर वाहत जातात. ओढ्यातील मादी मात्र अंडी आणि त्यांतून निघालेली चिमुकली पिले पोटाखाली बाळगते. त्यामुळे एका डोंगराची जात दुसऱ्या डोंगरावर सहजी पोहोचत नाही, आणि एका ओढ्यातून ती संपली तर समुद्र ती परत आणून देत नाही. गोड्या पाण्यातील १२८० जातींचा जो जागतिक आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे एक षष्ठांश जातींना नामशेष होण्याचा धोका असल्याचे आढळले.

नंदुरबार जिल्ह्याला हा विषय परका नाही. सातपुड्याच्या ओढ्यांत, नवापूरकडील भातखाचरांच्या बांधांवर पावसाळ्यात खेकडे दिसू लागतात. दख्खनमधील बिळे करणाऱ्या खेकड्याची शास्त्रीय नोंद साइक्स व वेस्टवुड यांनी १८३६ मध्येच केली. परंतु बीळ ओले की कोरडे, आत खेकडा आहे की नाही, हे अक्राणीच्या डोंगरातील भिल्ल-पावरा मुलांना कोणत्याही पुस्तकावाचून कळते. आश्रमशाळेतील शिक्षकांनी या बाबतीत काही काळ विद्यार्थी व्हावे आणि त्या मुलांना फळ्यापाशी उभे करावे. आपल्याला जे ठाऊक आहे तेही ज्ञानच आहे, हा विश्वास त्या मुलांना अन्यथा कोण देणार?

यासाठी वर्गात काचपेटी अवश्य असावी. मात्र तीत खेकडा पाहुणा म्हणून यावा. पावसाळ्यात एकच खेकडा आणावा, कारण दोन असले तर कात टाकलेल्याला दुसरा खाऊन टाकतो. पोटाशी अंडी वा पिले असलेली मादी मुळीच उचलू नये. पेटीत ओली माती व लपण्यास खापर असावे, वर जाळीचे झाकण असावे आणि पाणी ओढ्याचेच असावे; औषध टाकलेले नळाचे पाणी त्याला अपायकारक असते. आठवड्याभराने तो ज्या ओढ्यातून आणला त्याच ओढ्यात, त्याच जागी सोडावा.

परत सोडावयास गेलेली मुले त्या दिवशी ओढ्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतील. शेतावर फवारलेले कीटकनाशक वाहून येथेच येते आणि कीटकांचाच दूरचा आप्त असलेल्या खेकड्याला ते भोवते, हे त्यांना सांगण्याची वेळ तीच. वाळू उपसलेला, कचऱ्याने तुंबलेला ओढा पाहून एखाद्या मुलाने ‘याला आता सोडायचे कोठे?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर शिक्षकापाशी नसेल. ते आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे.