टेबलाचं स्ट्रक्चर एक्सेलमध्ये राहत नाही

मंडळी, 'टेबलाचं स्ट्रक्चर पाठवतो' म्हणून कोणी एक्सेलची फाइल मेल केली की माझं डोकं फिरतं. फाइलचं नावही ठरलेलं, 'डेटा डिक्शनरी फायनल लेटेस्ट'. अरे, डेटाबेस समोर चालू आहे ना? मग त्यालाच विचारा की!

ही सोय काही आजची नाही. कॉडसाहेबांनी १९८५ मध्ये रिलेशनल डेटाबेसचे नियम मांडले (म्हणायला बारा, पण मोजणी शून्यापासून, म्हणजे तेरा :-) ). त्यातला चौथा हाच: टेबलांची माहितीही टेबलांतच हवी आणि नेहमीच्याच क्वेरीने मिळायला हवी. एसक्यूएल-९२ ने त्यासाठी 'इन्फर्मेशन स्कीमा' दिला. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर तिघांकडे तो आहे. ओरॅकलचा हेका वेगळा, तिथे 'यूजर टॅब कॉलम्स' बघा. सगळे ज्यावर विसंबतात ते 'डिस्क्राइब' तर एसक्यूएलच नव्हे, एसक्यूएल प्लसची कमांड आहे. जावातून चालवा, एरर तोंडावर येईल.

"पण एक्सेलने बिघडतं काय?" बिघडतं राव. शीटमध्ये असतं: 'नाव, टेक्स्ट, २०'. वीस काय? ओरॅकलमध्ये व्हारचार-टूची लांबी वेगळं सांगितलं नसेल तर बाइटमध्ये मोजतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'ज्ञानेश्वर' म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून दहा चिन्हं, तीस बाइट. रोमन लिपीतला अलेक्झांडर नऊ बाइटांत ऐसपैस बसतो, आमचा ज्ञानेश्वर दारातच अडतो! पोस्टग्रेसमध्ये याच विसात तो आरामात मावला असता. बाइट की कॅरॅक्टर, हे ओरॅकलच्या कॅटलॉगमध्ये 'चार यूज्ड' या रकान्यात स्पष्ट असतं. एक्सेलमध्ये तो रकाना मी आजवर पाहिलेला नाही. मग लोकांना सांगायचं, "नाव इंग्रजीतच भरा, सिस्टिम मराठी घेत नाही." सिस्टिम घेते हो, तुम्ही कॉलम बघितला नाहीत.

कॉलमचा अर्थ कॅटलॉग सांगत नाही, हे मान्य. पण 'कमेंट ऑन कॉलम' ओरॅकलमध्येही आहे, पोस्टग्रेसमध्येही. अर्थ तिथे लिहा, टेबलाजवळच राहील. आणि सिक्युरिटीचं कारण तर सांगूच नका. ओरॅकलचा 'ऑल टॅब कॉलम्स' ज्याला जेवढ्या टेबलांचा अधिकार तेवढीच दाखवतो. तेव्हा डीबीए मंडळींनो, पुढच्या वेळी अटॅचमेंट नको, लॉगिन द्या.