मालिकेतली सही, आपली सही

संध्याकाळचे सात वाजले की घराघरांतून मालिकांची शीर्षकगीतं ऐकू यायला लागतात. कुणी भाजी निवडत बघतं, कुणी पोळ्या लाटता लाटता मान वळवून. दिवसभर राबलेल्या बाईनं घटकाभर टीव्हीसमोर बसावं, यात गैर काय आहे? पुरुषांनी क्रिकेट बघितलं तर ती आवड आणि आपण मालिका बघितली तर ते खूळ, हा न्याय मला कधीच पटला नाही.

‘मालिकांनी बायका बिघडल्या’ हा आरोपही तसाच. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा अशा राज्यांतल्या गावांमध्ये केबल आल्यावर बायकांच्या आयुष्यात काय फरक पडला, हे त्यांनी तपासलं. ‘नवऱ्यानं मारलं तर चालतं’ असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयात बाईच्या शब्दाला वजन आलं, असं त्यांना आढळलं. म्हणजे पडद्यावरची बाई आपल्याला शिकवते, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच, की ती नेमकं काय शिकवते आणि आपण त्यातलं काय उचलतो?

‘हम लोग’ आठवते? १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका मेक्सिकोतल्या प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर बेतलेली होती. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे. त्यातली मुकाट सोसणारी आई भागवंती बघून बायकांनी ‘आपण असं राहायचं नाही’ हे शिकावं, अशी मूळ कल्पना. पण अभ्यासकांना काय आढळलं? कितीतरी प्रेक्षकांना भागवंतीच आदर्श वाटली! सांगणारा एक सांगतो, ऐकणारा दुसरंच घरी घेऊन जातो, ते हे असं.

आजच्या मालिकांचं श्रेयही त्यांना द्यायला हवं. बंगाली ‘श्रीमयी’वरून मराठीत ‘आई कुठे काय करते’ आली, २०१९ च्या अखेरीस. पाच वर्षं चालली. पंचवीस वर्षं संसार केलेली अरुंधती नवऱ्यापासून वेगळी होते, हे सासू-सुनांनी एकाच सतरंजीवर बसून बघितलं. ‘घटस्फोट’ हा शब्द जिथं कुजबुजत उच्चारला जायचा, तिथं तो जेवताना मोकळेपणी बोलला जाऊ लागला. ही काही लहान गोष्ट नाही.

पण मला वेगळीच काळजी वाटते. मी आमच्या तालुक्याच्या गावी बायकांच्या तक्रारी ऐकण्याचं, त्यांना योग्य ठिकाणी घेऊन जाण्याचं काम करते. तिथं एक गोष्ट वारंवार दिसते. बायकांना कायदा माहीत असतो, पण तो मालिकेतला! कितीतरी मालिकांत नवरा ‘डिव्होर्स पेपर्स’ टेबलावर टाकतो, संगीत वाढतं, नायिका थरथरत्या हातानं सही करते आणि संपलं लग्न. पुढच्या आठवड्यात नवऱ्याला दुसरी हळद लागते.

आमच्याकडे आलेली एक तरुण मुलगी हेच सांगत होती. ‘ताई, माझा डिव्होर्स झालाय. मी सही केलीय.’ कुठं केली? नवऱ्याच्या मामाकडे, चार माणसांसमोर, स्टँप पेपरवर. खाली नोटरीचा शिक्काही होता. ‘आपखुशीनं वेगळे होत आहोत, पोटगी मागणार नाही’ असा मजकूर. कोर्टाची पायरी तिनं पाहिलेलीच नव्हती. ‘टीव्हीत पण असंच असतं ना?’ तिनं विचारलं आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईनंही मान डोलावली.

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात घ्या. हिंदू विवाह कायद्यानं घटस्फोट फक्त कोर्ट देतं. दोघांची संमती असली तरी आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, त्यानंतर सहा महिने विचारासाठी. योग्य कारण असेल तर ही सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय. पण शेवटी न्यायाधीशांचा हुकूमनामा हवाच. स्टँप पेपरवरच्या काडीमोडीनं लग्न मोडत नाही. काही समाजांच्या रूढीला कायद्यानं वाव दिलाय, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते.

मग त्या कागदानं काय होतं? नुकसान होतं. लग्न कायम असतं, म्हणून बाईला दुसरं लग्न करता येत नाही. आणि पोटगी मागायला गेली, की समोरचा वकील तोच कागद पुढं करतो, ‘ही तर स्वतःच्या मर्जीनं वेगळी राहिली!’ दोघं आपखुशीनं वेगळे राहत असतील तर बायकोचा पोटगीचा दावा अडू शकतो, असं कायद्यातच आहे. मालिकेत जी सही दोन मिनिटांत उरकते, तिच्यापायी खऱ्या बाईला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात.

दुसरा ठरलेला प्रसंग म्हणजे रात्री, भर पावसात, एक बॅग घेऊन घराबाहेर पडणारी नायिका. ‘हे घर माझ्या मुलाचं आहे, चालती हो!’ असं सासू म्हणते आणि ती स्वाभिमानानं निघून जाते. बघताना ऊर भरून येतो. पण कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा सांगतो, की घर कुणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती संसार करत होती तिथं राहण्याचा तिला हक्क आहे. ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी हा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल तर जरूर बाहेर पडावं. पण ‘तुझा काही हक्क नाही’ एवढं ऐकून निघायचं कारण नाही.

मालिकेत हे दाखवता येत नाही का? येतं की! १९८५ मध्ये बासू चटर्जींनी ‘रजनी’ केली. आपली प्रिया तेंडुलकर त्यात होती. रजनी रडत बसायची नाही आणि नुसते संवादही फेकायची नाही. तक्रार कुठं करायची, कुणाला जाब विचारायचा, हे ती करून दाखवायची. टॅक्सीवाले तर तिच्यावर चिडले होते! त्यात नाट्य होतं, गंमत होती आणि घराघरांत ती आवडायचीही. आजच्या नायिकेला दागिने आहेत, डिझायनर साड्या आहेत. मग तिला एकदा तरी संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलासमोर का बसवू नये? एखाद्या भागाचा प्रश्न. वाहिन्यांना आपण बघतो म्हणून टीआरपी मिळतो, तर एवढी मागणी आपण हक्कानं करायला हवी.

तोवर हे काम आपल्यालाच करायचंय. मालिका बंद करा असं मी सांगणार नाही, मलाही चुकवायची नसते. पण बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला मालिकेची चर्चा होतेच, तेव्हा एक प्रश्न पुढं टाकत चला, ‘खरोखर असं झालं तर काय करायचं?’ उत्तर सांगणारी माणसं गावातच आहेत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथं बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत किती हेही विचारलं जात नाही. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा. दोन्ही नंबर कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवा, लेकीसुनांना पाठ करायला लावा.

मालिकेतली नायिका चुकीची सही करते, तेव्हा लेखक पुढच्या भागात तिला सोडवतो. आपल्याला असा लेखक नाही. म्हणून कुणी कागद पुढं केला, कितीही माणसं भोवती बसली असली, तरी शांतपणे एवढंच म्हणा, ‘आधी वकिलांना दाखवते, मग बघू.’