संकराची किंमत कोणी द्यावी?

जालन्यातल्या मस्तगड भागात आमची एक छोटी बैठक जमते. मराठी शिकवणारे काही, शिकणारे काही. गेल्या काही महिन्यांपासून तिथे पुस्तकांवरची चर्चा आटोपली की फासे बाहेर निघतात आणि कथाखेळ सुरू होतो. ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, सूत्रधार प्रसंग उभा करतो, प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो, आणि पात्राने हाती घेतलेले काम साधले की फसले याचा निवाडा फासे व नियम मिळून करतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या कुळाचा मूळपुरुष. त्यात प्रत्येक पात्राला एक वर्ग असतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित.

आमच्या बैठकीत वाद पेटला तो एका विद्यार्थ्याने तलवारही चालवणारे आणि मंत्रही म्हणणारे पात्र मागितले तेव्हा. "हा संकर झाला", असा आक्षेप तत्काळ आला. योद्ध्याने योद्धा राहावे, मांत्रिकाने मांत्रिक. एरवी खेळाचा तोल जातो. हा आक्षेप आम्हांस अमान्य आहे. का, ते सांगणे हाच या लेखाचा हेतू.

प्रथम आक्षेपातला खरा भाग मान्य करू. ज्याला सगळेच येते असे पात्र पटावर आले की इतरांना करायला काही उरत नाही. चार जण मिळून कथा रचत असताना एकानेच चौघांची कामे केली, तर बाकीचे तिघे प्रेक्षक होतात. तोलाची चिंता म्हणूनच रास्त आहे. प्रश्न तोल कशाने साधायचा हा आहे.

मूळ खेळाने तो जन्माने साधला. १९७४ च्या नियमांत शस्त्र आणि मंत्र या दोन्ही वाटा चालण्याची मुभा होती एल्फ नावाच्या मानवेतर वंशाला. पण योद्धा म्हणून चौथ्या आणि मांत्रिक म्हणून आठव्या पातळीपुढे जाण्यास त्याला मज्जाव होता. १९७८ च्या प्रगत नियमांतही एकाच वेळी दोन वर्गांत वाढण्याची सोय मानवेतरांनाच मिळाली आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या प्रगतीला वंशानुसार कमाल मर्यादा पडली. म्हणजे मिश्रणाची किंमत पात्राच्या करणीतून वसूल न होता त्याच्या कुळातून वसूल झाली.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही कुंपणे बहुतांशी उपटली आणि भागाकाराचा आश्रय घेतला. कोणीही कोणत्याही वर्गाच्या पातळ्या घ्याव्यात, मात्र एकूण बेरीज तीच. कागदावर हा न्याय निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात विसाव्या पातळीचा निव्वळ मांत्रिक नवव्या श्रेणीचे मंत्र म्हणतो, तर दहा पातळ्या शस्त्राला आणि दहा मंत्राला दिलेला बिचारा पाचव्या श्रेणीपाशी थांबतो. त्यातही चिलखत अंगावर असेल तर मंत्र फसण्याचा धोका निराळाच. अर्धा योद्धा आणि अर्धा मांत्रिक मिळून एक पूर्ण पात्र होत नाही, कारण त्याची पाळी येते तेव्हा तो एकच काम करू शकतो आणि ते अर्धवट करतो. त्या क्षणी त्याचे दुसरे अर्धे निकामी पडून असते.

इथेच आमच्या आक्षेपकांची चूक दडली आहे. पात्राला काय काय येते याची यादी ते मोजतात. तोल मात्र एका पाळीत काय करता येते आणि त्यासाठी काय खर्ची पडते यावर ठरतो. 'पाथफाइंडर' या खेळात २०११ साली 'मॅगस' हा वर्ग आला. त्याला एकाच पाळीत वारही करता येतो आणि मंत्रही म्हणता येतो. पण एक हात मोकळा हवा, म्हणजे ढाल गेली, आणि प्रत्येक वाराचा नेम दोन गुणांनी ढळतो. इथे किंमत कृतीला चिकटलेली आहे. ज्याला ती द्यायची नसेल त्याने त्या पाळीत नुसती तलवार चालवावी.

आपल्याकडे या विचाराला नवलाई नसावी. महाभारतातले अस्त्र म्हणजे मंत्राने भारलेला बाणच. अर्जुन बाण सोडताना अर्धा धनुर्धर आणि अर्धा मंत्रज्ञ असतो, असे कोणी म्हणत नाही. सौप्तिकपर्वात अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही महास्त्र सोडतात. ऋषींनी अडवल्यावर व्रतस्थ अर्जुन ते मागे घेतो, अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही. सामर्थ्य दोघांपाशी आहे, फरक संयमाचा आहे. खेळाच्या नियमकर्त्याने शिकावे असे हे उदाहरण आहे.

पण त्याच ग्रंथात दुसरे उदाहरणही आहे आणि ते आपण सोयीस्करपणे विसरतो. शांतिपर्वातल्या कथेनुसार द्रोण कर्णाला ब्रह्मास्त्र नाकारतात ते अधिकाराच्या सबबीवर: ते व्रतस्थ ब्राह्मणासाठी किंवा तपस्वी क्षत्रियासाठी आहे. कर्ण परशुरामाकडे ब्राह्मण म्हणवून जातो, विद्या मिळवतो, आणि ऐन वेळी ती आठवणार नाही असा शाप घेऊन परततो. शाप देणारा परशुराम आणि विद्या नाकारणारे द्रोण हे दोघेही शस्त्र हाती घेतलेले ब्राह्मण! त्यांच्या संकराला कोणी संकर म्हटले नाही. किंमत पडली ती सूतपुत्राला. 'संकर' हा शब्द मराठीत आला की त्याच्या मागोमाग वर्णसंकराचे भय येते, आणि खेळाच्या तोलाविषयी बोलत असल्याचा आव आणून आपण भलतेच काही बोलू लागतो.

कोणी म्हणेल, कर्णाचा शाप कथेला उंची देतो, मग खेळात का नको? उत्तर असे की कर्ण हा कवीच्या हातातला आहे. आमच्या बैठकीतल्या पात्रामागे एक जिताजागता खेळाडू बसलेला असतो. त्याला अट आधी कळली पाहिजे. ऐन युद्धात सूत्रधाराने काढलेला शाप म्हणजे शोकात्मिका नसून दगाबाजी होय.

म्हणून आम्ही तीन अटी मांडल्या. एक, वार आणि मंत्र एकाच पाळीत हवे असतील तर ढाल नको आणि नेम ढळेल. दोन, शस्त्रावर चढवलेला मंत्र, वार लागो वा चुको, त्या दिवसापुरता संपला. तीन, या पात्राचे मंत्र त्याच्या शस्त्रापुरतेच. बंद दारे उघडणे, दूरचे पाहणे, जखमा भरणे ही कामे मांत्रिकाची आणि पुरोहिताची, त्यांत त्याने हात घालू नये. पात्राचे कुळ विचारणारी अट यांत नाही.

या अटींनी तोल कुठे ढळतो ते आक्षेपकांनी एखादी लढाई खेळून दाखवावे. आम्ही अटी बदलू. तसे दाखवता येत नसेल आणि तरीही संकर नकोच असेल, तर तो आक्षेप खेळावरचा नाही, आणि त्याचे उत्तर फाशांकडे मागण्यात अर्थ नाही.