मुशीला लेमन फिश म्हटले म्हणून

न्यूझीलंडला नव्याने आलेल्या आपल्या कुटुंबाला कोणीतरी हमखास फिश अँड चिप्सच्या दुकानात नेतो. पाटीवर 'लेमन फिश' असते. आम्हीही तो आवडीने खाल्ला, हे कबूल करतो. मग कळले, लेमन फिश म्हणजे रिग, आणि रिग म्हणजे आपली मुशीच! जिला अलिबाग-रेवदंड्याच्या बाजारात आमच्या आजीने कधी हात लावला नाही, ती आम्ही येथे पैसे मोजून खाल्ली.

काशेर-अकाशेर ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. पण पाऱ्याचा प्रश्न साऱ्यांच्या लेकीसुनांचा आहे. पाण्यातला पारा सूक्ष्म जंतूंमुळे मिथिल पारा बनतो. लहान मासा तो गिळतो, लहानाला मोठा गिळतो, आणि जो जास्त वर्षे जगतो त्याच्या मांसात तो साठत जातो. तो चरबीत नसतो, म्हणून चरबी काढून, धुऊन वा तळून जात नाही. गर्भवतीच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. जपानातील मिनामाता येथे १९५६ साली जो रोग उघडकीस आला, तो कारखान्याने खाडीत सोडलेल्या याच विषाचा होता.

"आपले वाडवडील मासळीवरच जगले, त्यांना काय झाले?" असे आपले वडीलधारे विचारतात. त्यांच्या ताटात तारली, बांगडा, पापलेट होते. कित्येक वर्षे जगलेले शार्क नव्हते!

कायदा आहे की, असेही कोणी म्हणेल. आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्नसंहितेत बहुतेक मासळीला किलोमागे सरासरी ०.५ मिलिग्रॅम पारा चालतो. शार्क, मार्लिन, ऑरेंज रफी यांना मात्र १ मिलिग्रॅम. म्हणजे ज्यात पारा अधिक त्यालाच सवलत दुप्पट. ही कोणती दक्षता? सरकारी अन्नसुरक्षा खाते गरोदर स्त्रियांना सांगते की स्कूल शार्क, मार्लिन, सदर्न ब्लूफिन टूना हे आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदाच खावेत. रिगला त्याहून थोडी मोकळीक आहे. पण पिठात बुडवून तळलेल्या पांढऱ्या तुकड्यात रिग कोणता आणि स्कूल शार्क कोणता, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? दुकानात माशाचे खरे नाव लिहावे, एवढे मागायला आम्हांला संकोच का वाटावा?

"पंख नि खवले पाहिले की निर्धास्त," असे समजणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. ऑरेंज रफीला खवले आहेत, आणि तो शंभर वर्षांहून अधिक जगतो. ट्राउटही खवल्यांचा, पण रोटोरुआकडील गरम झऱ्यांच्या मुलखातल्या तळ्यांत, विशेषतः रोटोमहानात, जमिनीतूनच पारा येतो, आणि तिथल्या ट्राउटलाही तोच इशारा लागू आहे. ट्राउट येथे विकता येत नाही, पण गळ टाकणारे शेजारी प्रेमाने आणून देतात. शास्त्राचा नियम शास्त्रासाठी आहे. त्याला प्रयोगशाळा समजू नये.

म्हणून मासळीच सोडा, असे सांगणाऱ्यांचेही आम्ही ऐकत नाही. गरोदरपणी मासळी हवीच. तारकीही, होकी, गर्नार्ड यांना निर्बंध नाही. फक्त कातडीसकट मागावा, म्हणजे खवला दिसतो नि मासाही ओळखू येतो. होकी मऊ असतो. नारळाच्या रसात शेवटी घालावा आणि कोकम जरा जास्त टाकावे.