तिजोरी भक्कम, पण चावी कोडमध्ये! ॲपची गुपितं नेमकी ठेवायची कुठे?

ऑक्टोबर 2022 मध्ये टोयोटा कंपनीनं जपानमधल्या ग्राहकांची माफी मागितली. गाडी इंटरनेटशी जोडणारी 'टी-कनेक्ट' सेवा वापरणाऱ्या 2,96,019 ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक बाहेर गेले असण्याची शक्यता होती.

यात कुणी कुलूप तोडलं नव्हतं. वेबसाइटचं काम करणाऱ्या उपकंत्राटदारानं कोडचा काही भाग 'गिटहब'वर टाकला आणि तो चुकून सगळ्यांसाठी खुला राहिला. त्या कोडमध्येच डेटा सर्व्हरची चावी लिहिलेली होती. डिसेंबर 2017 ते सप्टेंबर 2022, म्हणजे जवळपास 5 वर्षं ती तिथेच होती. गैरवापर झाल्याचं आढळलं नाही, पण झालाच नाही असंही कंपनीला छातीठोकपणे सांगता आलं नाही.

ॲपलाही पासवर्ड लागतो?

हो. तुम्ही मोबाइलवरून जेवण मागवता तेव्हा ते ॲप डेटाबेस उघडतं, पैसे घेणाऱ्या सेवेशी बोलतं, ओटीपी पाठवतं. यातल्या प्रत्येक कामासाठी त्याला पासवर्ड किंवा 'की' लागते. यांनाच 'सीक्रेट्स' म्हणतात. तुमच्या पासवर्डनं फक्त तुमचं खातं उघडतं. ॲपच्या सीक्रेटनं सगळ्यांची खाती उघडू शकतात.

घाईत डेव्हलपर ही की थेट कोडमध्ये लिहितो. पुढे तो कोड सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवर आणि कंत्राटदारांकडे जातो. नंतर ती ओळ खोडली तरी 'गिट'च्या इतिहासात ती शिल्लकच राहते. 'गिटगार्डियन' या कंपनीच्या अहवालानुसार, 2024 या एका वर्षात गिटहबवरच्या सार्वजनिक कोडमध्ये 2 कोटी 30 लाखांहून जास्त नवी सीक्रेट्स उघडी पडली.

कोड खासगी ठेवला तर? 2016 मध्ये हॅकर्स उबरच्या खासगी गिटहबमध्येच शिरले. तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडची की सापडली आणि 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. हे प्रकरण उबरनं वर्षभर दाबून ठेवलं. त्यापायी 2018 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांसोबत 14.8 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

मग उपाय काय?

सीक्रेट्ससाठी वेगळी डिजिटल तिजोरी. हॅशिकॉर्पचं 'व्हॉल्ट' 2015 मध्ये आलं, ॲमेझॉनचं 'सीक्रेट्स मॅनेजर' 2018 मध्ये. ॲप आणि तिजोरी यांच्यातला निरोप्या म्हणजे 'क्लायंट लायब्ररी'. हा तयार कोड डेव्हलपर आपल्या ॲपमध्ये जोडतो. काम असं चालतं:

• ॲप सुरू झालं की लायब्ररी तिजोरीला ॲपची ओळख पटवते.
• या ॲपला कोणतं सीक्रेट द्यायचं, हे तिजोरी तपासते.
• परवानगी असेल तेवढंच सीक्रेट मिळतं. ते ॲपच्या मेमरीत राहतं, फाइलमध्ये लिहिलं जात नाही.
• कोणी, कधी, काय मागितलं याची नोंद ठेवता येते.

आणखी एक मोठा फायदा म्हणजे पासवर्ड ठरावीक काळानं आपोआप बदलता येतो. लायब्ररी नवा पासवर्ड आणते, कोडला हात लावावा लागत नाही. दर 30 दिवसांनी बदलणारी की चुकून उघडी पडली, तरी 5 वर्षं चालत नाही.

म्हणजे प्रश्न सुटला?

नाही. 2022 मध्ये उबरवर पुन्हा हल्ला झाला. यावेळी कंपनीकडे अशी तिजोरी होती. पण हल्लेखोराच्या दाव्यानुसार, त्या तिजोरीचाच ॲडमिन पासवर्ड एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेला होता. दाराला महागडं कुलूप लावायचं आणि चावी चौकटीवर ठेवायची, त्यातलाच हा प्रकार.

खरी मेख इथेच आहे. तिजोरी उघडण्यासाठी लायब्ररीला पुन्हा पासवर्डच लिहून दिला, तर गुपित फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलं. म्हणून ॲप ज्या क्लाउडवर चालतं, त्या क्लाउडनंच त्याला काही वेळापुरतं ओळखपत्र द्यावं आणि लायब्ररीनं तेच दाखवावं, ही पद्धत जास्त सुरक्षित मानली जाते. त्यात कुठेही लिहून ठेवण्यासारखं काही उरतच नाही.

तुमचा याच्याशी काय संबंध?

ॲप आपली की कुठे ठेवतं, हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. त्यामुळे जबाबदारी कंपनीचीच. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय.

आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल, कॉलेजचा प्रोजेक्ट गिटहबवर टाकला असेल, तर त्यात एखादी की राहिली आहे का, हे आजच तपासा. सापडली तर नुसती ओळ खोडून भागणार नाही. आधी ती की रद्द करा, मग कोड साफ करा.