निष्ठा आणि नासधूस

रायगडावरच्या वाघ्याच्या कथेला ऐतिहासिक आधार नाही, असे सांगत कोल्हापूरच्या संभाजीराजे छत्रपतींनी २०२५ मध्ये त्याचे स्मारक हटवण्याची मागणी केली. तरीही लोकमनाने ती कथा जपली. धन्याचा वियोग न सोसणारे कुत्रे आपल्याला भावते. मात्र तोच वियोग ताराबाई पार्कातल्या बंद सदनिकेचे दार ओरबाडू लागला, की आपण त्याला ‘सूड’ म्हणतो आणि संध्याकाळी काठी उगारतो. केवळ एकटेपणी, बहुधा धनी बाहेर पडताच, दाराखिडक्यांशी उमटणारे हे ओरखडे सुडाचे नव्हेत, भयाचे असतात. उशिराची शिक्षा ते भय वाढवते. क्षणाक्षणाने वाढवत नेलेली एकटेपणाची सवय ते ओसरवते. वर्गात विरहवर्णने शिकवणाऱ्या आपल्याला घरातला विरह ओळखता येऊ नये?